हलत्या डोळ्यांतील मोतीबिंदू



मोतीबिंदू हा विषय आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी कोणाची ना कोणाची ही शस्त्रक्रिया झालेली असेल. गावोगाव भरलेल्या नेत्रशिबिरांनी तर ती खेड्यापाड्यांतील वृद्धांच्या दारापर्यंत नेली. म्हणून त्या सर्वसामान्य शस्त्रक्रियेविषयी मी आज फारसे बोलणार नाही. ज्यांचे डोळे लहानपणापासून, स्वतःच्या इच्छेविना, सतत डावी-उजवीकडे हलत असतात, अशा माणसाला उतारवयात मोतीबिंदू झाला तर काय करावे, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे. अशी माणसे थोडी असतात. परंतु ‘डोळे मुळातच असे आहेत, आता शस्त्रक्रियेने काय साधणार?’ अशी समजूत त्यांच्या घरच्यांची आणि बहुधा त्यांची स्वतःचीही झालेली असते. या समजुतीपायी टाळता येण्याजोगे अंधत्व पदरी पडते. म्हणून तिची नीट तपासणी केली पाहिजे.

डोळ्यांच्या या अनैच्छिक हालचालीस वैद्यकात ‘निस्टॅग्मस’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दात डुलकी घेताना मान हलण्याचा भाव आहे. आपण त्यास या व्याख्यानापुरते ‘नेत्रदोल’ म्हणू. त्याचे दोन प्रमुख प्रकार ध्यानी ठेवावेत. पहिला जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतो. कधी तो एकटाच असतो, कधी त्वचा व डोळे यांतील रंगद्रव्याचा जन्मजात अभाव, कनीनिकेचा अभाव अथवा दृष्टिपटलाचा दोष यांच्या जोडीने येतो. दुसरा प्रकार मोठेपणी उद्भवतो. मेंदूचा वा अंतर्कर्णाचा विकार, पक्षाघात, क्वचित काही औषधे ही त्याची कारणे होत.

या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. मोठेपणी नेत्रदोल झालेल्या माणसाला समोरचे जग हलताना दिसते आणि तो बेजार होतो. लहानपणापासून नेत्रदोल असलेल्यास बहुधा तसे काही जाणवत नाही. त्याच्या मेंदूने ती हालचाल गृहीत धरूनच पाहावयास शिकलेले असते. शिवाय डोळ्याच्या प्रत्येक हेलकाव्यात एक क्षण असा येतो की, डोळा जवळजवळ थांबतो आणि प्रतिमा दृष्टिपटलाच्या सर्वांत तीक्ष्ण भागावर पडते. तेवढ्या क्षणांच्या आधारावर हा माणूस वाचतो, लिहितो, नोकरी करतो. त्याला पाहावयास वेळ थोडा अधिक लागतो, इतकेच.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ऐकावी. पुष्कळ रुग्णांत नजरेची एक दिशा अशी असते की, त्या दिशेला पाहताना हेलकावे सर्वांत कमी होतात. ती दिशा उजवीकडे असेल, तर मूल चेहरा डावीकडे वळवून फळ्याकडे पाहते. मान वाकडी करणे ही त्याची खोड नव्हे. ते आपली उत्तम दृष्टी शोधीत असते. त्यास ‘मान सरळ ठेव’ म्हणून दटावणे म्हणजे त्याच्या हातची काठी काढून घेणे होय. त्याचप्रमाणे जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, तेव्हाही पुष्कळांचा दोल मंदावतो. म्हणून फळा न दिसणारे मूल पुस्तक बऱ्यापैकी वाचते. ते ढोंग करीत नसते.

आता मोतीबिंदूकडे वळू. डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्यावरील शलाकाकर्माचे वर्णन आहे. गढूळ भिंग शलाकेने बाजूस सारावयाचे, अशी ती क्रिया होती. त्या वेळी रुग्णास बसवून, धरून ठेवून, स्वतःच्या नाकाकडे पाहावयास सांगावे, असा निर्देश तेथे आहे. ही सूचना नेत्रदोलासाठी दिलेली नव्हती. परंतु शस्त्र चालविताना डोळा स्थिर हवा, ही निकड किती जुनी आहे हे त्यावरून कळते. पुढे १७४७ मध्ये फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी भिंग बाहेर काढण्याची पद्धत आणली. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे तुकडे डोळ्याला फारसे बाधत नाहीत, या निरीक्षणातून त्यांना ती कल्पना सुचली होती. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत कंपनांनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत काढली. तीच आजची ‘फेको’ होय.

रिडले यांच्या शोधाचे नेत्रदोलाच्या रुग्णावर विशेष उपकार आहेत. कृत्रिम भिंग नव्हते तेव्हा शस्त्रक्रियेनंतर जाडजूड चष्मा लावावा लागे. त्यातून वस्तू सुमारे पावपट मोठी दिसे आणि काचेच्या मध्यातूनच काय ते नीट दिसे. ज्याचा डोळा सतत हलतो, किंवा जो मुद्दाम कडेने पाहतो, त्याची नजर त्या मध्यावर ठरणार कशी? डोळ्याच्या आत बसविलेले भिंग मात्र डोळ्याबरोबरच हलते. नजर कोणत्याही दिशेला असो, भिंगाचा मध्य तिच्यासमोरच राहतो. मदुराईत १९९२ पासून अशी भिंगे अल्प किमतीत तयार होऊ लागली आणि सामान्य भारतीय रुग्णालाही ती परवडू लागली.

मग अडचण कोठे आहे? ती तीन ठिकाणी आहे.

पहिली अडचण निदानाची. दृष्टी मंद आहे ती नेत्रदोलामुळे किती आणि मोतीबिंदूमुळे किती? नेहमीच्या पद्धतीप्रमाणे एक डोळा हाताने झाकला, तर कित्येकांचा दोल वाढतो आणि खरी दृष्टी कळतच नाही. म्हणून न तपासावयाच्या डोळ्यापुढे धूसर करणारे भिंग धरतात, रुग्णास त्याच्या सोयीप्रमाणे मान वळवू देतात आणि घाई करीत नाहीत, कारण मनावरील ताणानेही दोल वाढतो. सर्वांत मोलाचा पुरावा मात्र रुग्णाच्या स्वतःच्या हकिकतीत असतो. दहा वर्षांपूर्वी तो वर्तमानपत्र वाचीत होता आणि आज वाचू शकत नसेल, तर हा फरक नेत्रदोलाने पडलेला नाही. तो दोल तेव्हाही होताच.

दुसरी अडचण मोजमापाची. कोणत्या क्रमांकाचे भिंग बसवावे हे डोळ्याची लांबी आणि पारपटलाचा बाक यांवरून ठरते. मापे घेताना डोळा हलला, तर क्रमांक चुकतो. आताची प्रकाशकिरणांवर चालणारी यंत्रे क्षणार्धात माप घेतात. तरीही एकाच मापावर न विसंबता, दोल कमी असलेल्या दिशेला नजर ठेवून ते पुनःपुन्हा घ्यावे लागते. एकाच अंतरासाठी असलेले साधे भिंग अशा डोळ्यास बहुधा अधिक योग्य ठरते. दूर-जवळच्या दृष्टीसाठी प्रकाशाची विभागणी करणारी महागडी भिंगे आधीच मर्यादित असलेल्या दृष्टीची स्पष्टता आणखी घटवितात.

तिसरी अडचण प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची. भिंगाभोवतीच्या पातळ आवरणाला समोरून गोल छेद द्यावयाचा आणि मागची बाजू अखंड राखावयाची असते. हे मागचे आवरण मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतके पातळ असते. सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याचा लहानसा हेलकावाही मोठा भासतो. नुसत्या थेंबांनी वेदना थांबते, हालचाल थांबत नाही. म्हणून येथे डोळ्याभोवती भुलीचे औषध देऊन त्याचे स्नायूच काही काळ शिथिल करतात. बोथट नळीने डोळ्याच्या बाह्य आवरणाखाली औषध सोडण्याची रीत आहे. हलत्या डोळ्याजवळ तीक्ष्ण सुई नेण्याचा धोका तिने टळतो. दोल फार मोठा असेल, मानही हलत असेल, अथवा रुग्ण लहान मूल असेल, तर संपूर्ण भूल द्यावी लागते. भूल उतरल्यावर डोळे पुन्हा हलू लागतात. नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवावे, अन्यथा शस्त्रक्रिया बिघडली अशी शंका त्यांना येते.

यातून मिळते काय? नेत्रदोल जात नाही. ज्याला तरुणपणी फळ्यावरचे अक्षर दिसले नाही, त्याला ते आता दिसेल असे वचन कोणी देऊ नये. परंतु मोतीबिंदूने हिरावलेली दृष्टी पुष्कळांना परत मिळते. निरोगी डोळ्याच्या माणसाने दृष्टीचा काही भाग गमावला, तरी त्याच्यापाशी शिल्लक राहते. ज्याच्यापाशी मुळातच थोडे असते, त्याचे तेवढेच गेले की एकट्याने रस्ता ओलांडणे, पैसे मोजणे, माणूस ओळखणे हे सारे जाते. त्यामुळे तक्त्यावरची एखादी ओळ अधिक वाचता येणे, ही डॉक्टरांच्या वहीत किरकोळ वाटणारी सुधारणा, त्याचे स्वावलंबन परत आणू शकते. अर्थात ज्याच्या दृष्टिपटलाचा वा दृष्टिनाडीचा दोष गंभीर आहे त्याचा लाभ मर्यादित राहील. कनीनिका नसलेल्या डोळ्यात धोकाही अधिक असतो. हा हिशेब शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णासमोर उघड मांडला पाहिजे.

शेवटी काही सूचना. मोठेपणी नव्याने डोळे हलू लागले, तर मोतीबिंदूचा विचार मागे ठेवून आधी मेंदूविकारतज्ज्ञास दाखवावे. तान्ह्या मुलाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर एक दिवसही दवडू नये. दोन्ही डोळ्यांतील दाट जन्मजात मोतीबिंदू पहिल्या दोन-तीन महिन्यांत काढला नाही, तर त्यातूनच कायमचा नेत्रदोल उत्पन्न होऊ शकतो. घरातील वडीलधाऱ्यांचे जुने चष्म्याचे कागद जपून ठेवावेत, कारण पूर्वी किती दिसत होते याची ती साक्ष असते. आणि आपल्या वर्गात मान वाकडी करून पाहणारा एखादा सोबती तुम्हांला आठवत असेल, तर आज तो साठीच्या आसपास असेल. त्याची चौकशी करा आणि ‘आता काय उपयोग’ असे तो म्हणाला, तर त्यास सोबत घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे जा.