तंजावरच्या महालातले नाट्यभांडार

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण सांगलीपासून सुरू करतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले, आणि तिथून किर्लोस्कर, देवल, खाडिलकर अशी ओळ लागते. शाळेत हेच शिकवतात. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिनही त्याच प्रयोगाची आठवण म्हणून साजरा होतो. पण त्या प्रयोगाच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, कावेरीच्या खोऱ्यात, शिवछत्रपतींचा पुतण्या मराठीत नाटके रचत होता. ती नाटके नुसती दंतकथा नाहीत. त्यांच्या पोथ्या आहेत, जपलेल्या आहेत, काही छापूनही निघाल्या आहेत.

या पोथ्या ज्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, ते तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात आहे. वाडा मूळचा नायक राजांचा. त्यांच्या काळापासूनच इथे ‘सरस्वती भांडार’ होते. रघुनाथ नायकाच्या नावावर ‘संगीतसुधा’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ आहे, म्हणजे गाण्याबजावण्याचा नाद या वास्तूला मराठे येण्याआधीच लागलेला होता. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ एकोजीराजांनी तंजावर घेतले आणि वाड्याबरोबर हा नादही भोसल्यांकडे आला.

एकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले. मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत या चारही भाषांत लिहिणारा हा राजा. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाटक १६९० च्या आसपासचे मानले जाते आणि पहिले मराठी नाटक म्हणून अभ्यासक त्याचाच दाखला देतात. ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर पात्रे पाच वेगवेगळ्या भाषांत बोलतात. दरबारात आणि गावात या भाषा रोज कानावर पडत असल्याने प्रेक्षकांनाही ते नवे नसावे. पुढे प्रतापसिंह राजांच्या नावावरही मराठी नाटके आहेत, आणि पहिल्या तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ लिहिले. या घराण्यात राज्य करणे आणि रचना करणे बरोबरीनेच चालत आले.

या नाटकांचा बाज दाक्षिणात्य यक्षगानाचा. आधी गणपतीचे आगमन, मग वर्दी देणारा कट्टीयकारी, आणि प्रत्येक पात्राच्या प्रवेशाला ‘दरू’ नावाचे गाणे. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार, विदूषक आणि नाचत येणारे गणपती-सरस्वती होतेच. म्हणून तंजावरचे नाटक सांगलीत कसे पोहोचले, असा प्रश्न पडतो. माझ्या मते ते पोहोचले नाही, आणि पोहोचण्याची गरजही नव्हती. सांगलीच्या संस्थानिकांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिला आणि तसेच मराठीत करा, असे भाव्यांना सांगितले. दोन्ही ठिकाणी मराठी माणसाने दक्षिणेतले चालते नाटक पाहिले आणि ते आपल्या भाषेत आणले. ‘पहिले नाटक कोणाचे’ या वादात आपण बरीच शाई घालवली. तीच शक्ती या संहिता वाचण्यात गेली असती तर आपल्या रंगभूमीच्या हाती काहीतरी लागले असते.

ग्रंथालयाला आजचे रूप दिले दुसऱ्या सरफोजीराजांनी. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने इंग्रजांनी राज्य घेतले. किल्ला, मानमरातब आणि तनखा एवढेच राजाकडे उरले. दुसरा कोणी अशा वेळी खचला असता. सरफोजींनी मात्र सारे लक्ष विद्येवर लावले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ते वाढले होते. पुढे बिशप हेबर त्यांना भेटले, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस आणि ब्यूफाँ यांच्याविषयी हा राजा किती सहज बोलतो, शेक्सपिअरबद्दलही स्वतःचे मत बाळगतो, हे पाहून ते थक्क झाले होते. सरफोजींनी युरोपातून हजारो छापील पुस्तके मागवली. १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही पोथ्या जमवल्या. वाड्यातच देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी रूप छापले.

पण मला सर्वांत जास्त मोह पडतो तो त्यांच्या नृत्यरचनांचा. ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्या ग्रंथालयाने प्रसिद्ध केल्या आहेत. एकेका ‘निरूपणा’त एक कथा घ्यायची आणि ती अठरा रचनांतून उलगडायची: जयजय, शेर्व, अल्लारू, सोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना असे करत मंगलापर्यंत. सगळ्या रचना एकाच रागात आणि एकाच तालात. शब्द मराठी, बांधणी तमिळ देशीची. आता याच्याशेजारी भरतनाट्यमचा आजचा क्रम ठेवून पाहा: अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना. हा क्रम पक्का केला तो चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, आणि ते चौघे याच दरबाराचे आश्रित. पुण्या-मुंबईत भरतनाट्यम शिकणाऱ्या शेकडो मुली या क्रमाने अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर प्रयोग, करतात. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, की हा साज जिथे घडला त्या दरबारात वर्ण आणि पदे मराठीतही गायली जात होती.

सरफोजींची ‘देवेंद्र कुरवंजी’ तर चमत्कारच आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातली कुरवी येते, विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि भविष्य सांगते. सरफोजींच्या मराठी कुरवंजीत ही कुरवी इंद्राणीचा हात पाहून थांबत नाही, ती तिला जगाचा भूगोल सांगते! खंडे, देश, नगरे असे सगळे गाण्यातून. राजाच्या शाळांत नवे शास्त्र शिकवले जात होते, तेच त्याने नाचणाऱ्या बाईच्या तोंडी घातले. राजावर रचलेली तमिळ ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या देवळात उत्सवात नाचली जात असे. याच देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला.

आज सरस्वती महालात सुमारे ४९,००० हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत सर्वांत जास्त, मराठी तीन हजारांवर. शिवाय राज्यकारभाराच्या मोडी कागदांचे तेराशेहून अधिक रुमाल आहेत. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरायचे आणि वरून काजळी चोळायची, म्हणजे कोरलेल्या रेघांत काळे बसते. पाने कोरडी पडून तुटू नयेत म्हणून त्यांवर गवती चहाचे तेल फिरवतात. वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी आणि काळे जिरे यांची पूड कापराबरोबर पुरचुंडीत बांधून पोथ्यांच्या फडताळात ठेवायची, की कसर जवळ येत नाही. ही जुनी पद्धत इथे टिकून आहे.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी वारले, पुत्र नव्हता, आणि कंपनीने उरलेसुरले संस्थानही खालसा केले. तरी पोथ्या विखुरल्या नाहीत. इंग्रज अभ्यासक बर्नेल यांनी १८८० च्या सुमारास संस्कृत पोथ्यांची सूची छापली, १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांना खुले झाले, आणि १९८३ मध्ये ते राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरले.

दरबार संपला तरी देवाणघेवाण चालूच राहिली. १८८० मध्ये तंजावरच्या मोहित्यांची मुलगी सयाजीराव गायकवाडांना दिली, तेव्हा तिच्याबरोबर नर्तकी आणि वादकही बडोद्याला गेले. इकडे तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांचे ऐकून तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग आणले. तिकडच्या हरिकथेत ही वृत्ते आजही गातात.

या नाटकांना अजूनही गरज आहे ती प्रयोगाची. ग्रंथालयाने काही संहिता छापल्या आहेत, पण दरू कोणत्या चालीत म्हणायचे, कट्टीयकारी कुठे उभा राहायचा, हे छापील पानावरून कळत नाही. त्यासाठी यक्षगान आणि भागवत मेळा हे तिकडचे नाट्यप्रकार जाणणारा कलाकार, तंजावरी मराठी बोलणारे कोणी आणि महाराष्ट्रातला एखादा जिद्दी दिग्दर्शक असे तिघे एकत्र बसायला हवेत. सुरुवात ‘देवेंद्र कुरवंजी’ने करावी. संहिता मराठीतच आहे, आणि भरतनाट्यम शिकलेल्या मुली आपल्याकडे गावोगावी आहेत.