मालिका तीच, घर वेगळं!

इंग्लंडची मालिका अमेरिकेत जाते, अमेरिकेची इंग्लंडमध्ये येते. कधी डोक्यावर घेतली जाते, कधी चार भागांत गाशा गुंडाळते. भाषा एकच असताना असं का व्हावं? आणि कोल्हापूरचा पैलवान कन्नड बोलू लागला, तेव्हा मात्र त्याला घरचं कसं मानलं गेलं? दोन खंडांच्या या चुरशीचं उत्तर बेंगळुरूच्या इंदिरानगरात बसूनही शोधता येतं.

रागावलेल्या राहुल द्रविडच्या 2021मधल्या जाहिरातीनं इंदिरानगर हे नाव देशभर पोहोचवलं. त्याच्या चार वर्षं आधीची, 2017 सालची तिथली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. खाली हंड्रेड फीट रोडवर गाड्यांची रांग लागलीय आणि वर एका मराठी घरात आजी टीव्हीसमोर बसल्यात. ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू आहे. कोल्हापूरचा रांगडा, भोळा राणादा आणि शिकलेली अंजलीबाई. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या कन्नड अक्का जाता-येता पडद्याकडे बघतात आणि गालात हसतात. कारण त्यांच्या घरी हीच कथा कन्नडमध्ये चालू आहे. ‘जोडी हक्की’, म्हणजे पाखरांची जोडी. पैलवान तोच, मास्तरीण तीच. फक्त गाव, भाषा आणि ताटातलं जेवण बदललेलं.

आतल्या खोलीत वेगळंच भांडण जुंपलंय. मुलगा अमेरिकन कंपनीत नोकरीला. त्याच्या मते अमेरिकेच्या ‘द ऑफिस’ला तोड नाही. सूनबाई म्हणते, मूळ ब्रिटिश ‘ऑफिस’ पाहा, मग बोला! अशी घरं इंदिरानगरात शोधायला फार लांब जावं लागणार नाही. एकाच छपराखाली मालिकांच्या दोन जुगलबंद्या रंगलेल्या असतात. एक अटलांटिक महासागराच्या दोन काठांची, दुसरी कृष्णेच्या दोन काठांची.

सहा भागांचं दुकान, बावीस भागांचा कारखाना

आधी साहेबांकडे वळू. ब्रिटनमध्ये टीव्ही पाहणारं कुटुंब दरवर्षी परवाना शुल्क भरतं आणि त्यावर बीबीसी चालते. तिथल्या तिच्या वाहिन्यांवर जाहिराती नसतात. विनोदी मालिकेचे एका वेळी सहाच भाग येतात, तेही बहुधा एक-दोन लेखकांनी मिळून लिहिलेले. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्या जाहिरातींवर जगतात. तिथे वर्षाला बावीस-चोवीस भाग लागतात आणि ते लिहायला खोलीभर लेखक बसवतात. मालिका शंभर भागांच्या आसपास पोहोचली की पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकून खरी कमाई सुरू होते. थोडक्यात, एकाचं घरगुती दुकान तर दुसऱ्याचा कारखाना.

स्वभावातही फरक आहे. इंग्रज माणूस हरलेल्या, चिडखोर, स्वतःचं हसं करून घेणाऱ्या नायकावर मनमुराद हसतो. अमेरिकन प्रेक्षकाला मात्र नायकात कुठेतरी मायेचा ओलावा लागतो. उद्या याचं भलं होईल, ही आशा त्याला सोडवत नाही.

‘द ऑफिस’चंच पाहा. 2001मध्ये बीबीसीवर आलेली ही मालिका स्लाव नावाच्या कंटाळवाण्या गावातल्या कागदाच्या कंपनीवर होती. रिकी जर्व्हेसनं साकारलेला साहेब आपण फार विनोदी आहोत, अशा भ्रमात सगळ्यांना अवघडून टाकायचा. दोन मालिका आणि नाताळचे खास भाग धरून अवघ्या 14 भागांत खेळ खलास. 2005मध्ये अमेरिकेच्या एनबीसीनं ती उचलली. पहिला भाग जवळजवळ शब्दशः नकल होता आणि तो लोकांच्या पचनी पडला नाही. मग अमेरिकनांनी शहाणपणा केला. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी साहेबाला थोडा मऊ केला, त्याच्या वेडेपणामागचा एकटेपणा दाखवला आणि गाडी अशी धावली की 2013मध्ये थांबली तेव्हा 201 भाग झाले होते! आपल्याकडे 2019मध्ये हॉटस्टारनं हीच मालिका हिंदीत आणून कंपनी फरिदाबादला थाटली.

नकल फसली, कलम जगलं

असं यश सगळ्यांच्याच नशिबी नसतं. ‘फॉल्टी टॉवर्स’ ही तिरसट हॉटेलमालकाची ब्रिटिश मालिका फक्त बारा भागांची, पण आजही लोक तिचं नाव काढतात. अमेरिकेनं तिच्यावर तीनदा हात चालवून पाहिला आणि तिन्ही वेळा तोंडघशी पडली. ‘कपलिंग’ ही तरुण जोडप्यांची मालिका 2003मध्ये एनबीसीनं मोठ्या थाटात आणली. चार भागांनंतर ती गुंडाळली.

उलट दिशेनंही तेच. चार प्रौढ मैत्रिणींची ‘गोल्डन गर्ल्स’ अमेरिकेत गाजली आणि ब्रिटनमध्येही लोकांनी ती आवडीनं पाहिली. तरी 1993मध्ये तिथल्या आयटीव्हीनं ‘ब्रायटन बेल्स’ नावानं तिची इंग्रजी आवृत्ती काढली. मूळ गाणं ऐकलेल्यांना नकल कशी रुचणार? प्रेक्षकांनी पाठ फिरवली.

जे जगलं ते कलम केलेलं. लंडनच्या एका तोंडाळ, कर्मठ कामगाराची ‘टिल डेथ अस डू पार्ट’ ही मालिका 1960च्या दशकातली. नॉर्मन लिअर या निर्मात्यानं ती 1971मध्ये अमेरिकेत ‘ऑल इन द फॅमिली’ म्हणून आणली. त्याचा आर्ची बंकर व्हिएतनाम युद्धावर, काळ्या-गोऱ्यांच्या भेदावर आपल्या घरातल्यांशीच भांडायचा. लोकांना वाटलं, हा तर आपलाच बाप! सलग पाच वर्षं ती मालिका पहिल्या क्रमांकावर राहिली.

स्पर्धांच्या कार्यक्रमांत मात्र ब्रिटननं बाजी मारली. ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ 1998मध्ये तिथे सुरू झालं, पुढच्या वर्षी अमेरिकेत गेलं आणि 3 जुलै 2000 रोजी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात आपल्या घरात शिरलं. पुढे 2012मध्ये पुनीत राजकुमार यांनी ते कन्नडमध्ये आणि 2013मध्ये सचिन खेडेकर यांनी मराठीत सादर केलं. ब्रिटनचं ‘पॉप आयडॉल’ अमेरिकेमार्गे ‘इंडियन आयडॉल’ झालं आणि 2005मध्ये आपला अभिजीत सावंत त्याचा पहिला विजेता ठरला. अशा कार्यक्रमात विकला जातो तो साचा. नियम, रोषणाई, संगीत, सगळं ठरलेलं. माती तेवढी ज्याची त्यानं घालायची!

कानडी मुलखाचा हट्ट

आता कृष्णेच्या काठावर येऊ. इथे प्रश्न उलटा आहे. इंग्लंड-अमेरिकेची भाषा एक, पण घरं वेगळी. महाराष्ट्र-कर्नाटकची भाषा वेगळी, पण घरं बरीचशी सारखी. देवघर, सासू-सून, हळदीकुंकू, तालमीतली लाल माती. मग मराठी मालिकेवर कन्नड आवाज चढवला असता तरी भागलं नसतं का?

तसं होऊ दिलं गेलं नाही. 1960च्या दशकापासून कन्नड कलावंतांनी आणि निर्मात्यांनी डबिंगला कडवा विरोध केला. परभाषेतला आयता माल आला तर आमच्या नटांनी, तंत्रज्ञांनी खायचं काय, हा त्यांचा सवाल होता. 2012मध्ये आमिर खानचा ‘सत्यमेव जयते’ मराठीसह अनेक भाषांत आला, पण कन्नडमध्ये येऊ शकला नाही. आपल्याच भाषेत चांगलं काही पाहण्याचा हक्क आम्हाला का नाही, असं काही कन्नड प्रेक्षकच विचारू लागले. अखेर 2015मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं डबिंग अडवणाऱ्या संघटनांना दंड केला. 2020मध्ये टाळेबंदीत चित्रीकरणं थांबली आणि डब केलेल्या मालिका कन्नड वाहिन्यांवर आल्या. त्यातली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरची ‘महानायक’ तर लोकांनी अक्षरशः उचलून धरली.

पण त्या हट्टातून एक गोष्ट घडली. डबिंग नाही म्हटल्यावर कथा विकत घेऊन पुन्हा नव्यानं मालिका करायची, ही वाट रुंदावली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ कन्नडमध्ये ‘सुब्बलक्ष्मी संसार’ झाली. नवे नट, नवे संवाद, नवी रोजीरोटी. आपणही मागे नाही. ‘आई कुठे काय करते’ या मराठी मालिकेचं मूळ बंगाली ‘श्रीमोयी’त. तीच आई हिंदीत ‘अनुपमा’ झाली आणि तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड घरांतही नांदली.

पहिली गोष्ट कोण लिहिणार?

यात धोका नाही असं नाही. आठवड्याला पाच भाग म्हटले तरी वर्षाला 260 होतात. एवढा पसारा लिहायचा तर बाहेर चाललेली कथा आयती मिळणं वाहिनीला सोयीचंच. पैसे मोजून हक्क घेतले तर ती चोरीही नव्हे. पण सगळेच दुसऱ्याच्या शेतातली रोपं आणून लावू लागले, तर बी कोण पेरणार?

विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, बाहेर गेलेल्या या कथांची मुळं आपापल्या गावात खोल होती. राणादा कोल्हापूरचा होता म्हणून कर्नाटकात गेला. ‘ऑफिस’ स्लावचं होतं म्हणून अमेरिकेला भावलं. सगळ्यांना आवडेल म्हणून बेतलेली कथा कुणाच्याच घरची होत नाही. भाताचं रोप आधी आपल्या वाफ्यात नीट रुजावं लागतं, तेव्हाच ते दुसऱ्याच्या खाचरात लावता येतं.

आणि लावणी करणाऱ्यानंही तिथलं पाणी ओळखावं लागतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वर्गाची धमाल दाखवणारी ‘माइंड युवर लँग्वेज’ ही ब्रिटिश मालिका 1977ची. अमेरिकेनं 1986मध्ये तिचा नागरिकत्वाचा वर्ग केला, तो एका वर्षात बंद पडला. आपल्याकडे 1993मध्ये पंकज कपूर यांनी ‘जबान संभालके’मध्ये हिंदीचा वर्ग घेतला आणि दूरदर्शनचा प्रेक्षक खो-खो हसला.

आज बेंगळुरूत तो वर्ग भरला तर बाकावर आपण मराठी माणसं असू आणि फळ्यापाशी कन्नड मास्तर! हरकत काय? मालिकेची कथा आधीच ठाऊक असेल, तर परकी भाषाही निम्मी कळते. ‘जोडी हक्की’चा एखादा भाग अक्कांसोबत पाहिलेल्या आजींना संवाद फोडून सांगावे लागणार नाहीत. पोळ्या आटोपून अक्का निघाल्या की आजींनी दारातून विचारावं, ‘ऊटा आयता?’ जेवण झालं का? तेवढ्या दोन शब्दांनीही शेजार सुरू होतो.