कुलूप मोबाईलला, राखण मनाची

मुलांच्या हाती मोबाईल देताना काय करावे, असे तुम्ही मला विचारता. आधी कुलूप लावा. 2021 च्या आयटी नियमांनुसार ओटीटीवरील मालिका-चित्रपटांवर वयाची खूण असते आणि 13+ पासून पुढच्यांना पालकांसाठी लॉकची सोय द्यावी लागते. त्याचा पिन मुलांना सांगू नका. पण लोकांनी स्वतः टाकलेल्या रील्सवर अशी खूण नसते. म्हणून मोबाईल सर्वांसमोर पाहावा आणि रात्री तो आईवडिलांच्या खोलीत असावा.

तरीही कुलूप पुरत नाही. उत्पत्तीच्या 39 व्या अध्यायातला योसेफ पाहा. पोटीफराच्या घरी त्याच्यावर लक्ष ठेवायला वडील नव्हते. धन्याची बायको मोह घालू लागली, तेव्हा तो वस्त्र तिच्या हाती सोडून पळाला. हे देवाविरुद्ध पाप आहे, हे तो जाणत होता. आपली मुलेही उद्या हॉस्टेलवर एकटी असतील.

म्हणून कौटुंबिक प्रार्थनेनंतर मुलांना विचारा, "आज काय पाहिलंस?" काही वाईट दिसले असे मूल सांगेल, तेव्हा ओरडू नका, ओरडलात तर पुढच्या वेळी ते लपवील. त्याला जवळ घ्या, ते का चुकीचे हे समजवा, सोबत प्रार्थना करा. प्रभू तुम्हांला त्यासाठी धीर देवो.