जुनी सर्दी आणि दमा

सर्दी हा आजार आपण आजारांत धरीत नाही. औषध घेतले तर ती सात दिवसांत बरी होते आणि न घेतले तर आठवड्यात, अशी तिची थट्टा घरोघर चालते. परंतु काही माणसांची सर्दी आठवड्याने जात नाही, महिन्यानेही जात नाही. नाक चोंदलेले असते, घशात मागील बाजूने काहीतरी सतत उतरत असल्याची जाणीव असते, गालांवर व कपाळावर दडपण येते. आणि हळूहळू फुलांचा, फोडणीचा, फार काय करपलेल्या दुधाचाही वास येईनासा होतो. ही अवस्था बारा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली म्हणजे वैद्यकशास्त्र तिला सर्दी म्हणत नाही. तो नाकाचा आणि नासाकोटरांचा जुनाट शोथ होय. शोथ म्हणजे दाहयुक्त सूज.

जबलपूरच्या बाजारात या दुखण्याला ‘पुराना नजला’ म्हणतात. मराठी घरांत ‘सायनस झाला आहे’ असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः सायनस हे रोगाचे नाव नसून जागेचे नाव आहे, आणि ती जागा निरोगी माणसालाही असते. या पुस्तिकेत त्या जागेसाठी ‘नासाकोटर’ हा शब्द योजला आहे. झाडाच्या खोडात जशी ढोली असते, तशी ही हाडातील ढोली.

जबलपूरसारख्या शहरातील दोन शेजारी आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. एक शाळेतील शिक्षिका आहेत. त्यांना तिशीनंतर दमा जडला, पुढे दोन्ही नाकपुड्या चोंदू लागल्या आणि वास येणे बंद झाले. दुसरे कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना दमा कधीच नव्हता. मात्र एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पू येतो आणि त्याच बाजूचा गाल ठणकतो. दोघांनाही शेजारीपाजारी एकच सल्ला देतात, वाफारा घ्या. दोघांच्या दुखण्याला नावही एकच आहे. पण दोघांचा रोग एकच आहे काय? या लेखात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कवटीतील ढोल्या

नासाकोटरांच्या चार जोड्या आहेत. गालांच्या हाडांत एक, कपाळात एक, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या लहान कोठड्यांची एक आणि नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी एक. यांपैकी गालाचे कोटर सर्वांत मोठे. इंग्लंडमधील नाथानिएल हायमोर या वैद्याने १६५१ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले.

या सर्व कोटरांना आतून पातळ, ओलसर श्लेष्मल अस्तर असते. अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म केस असून ते एका सेकंदात दहाबारा वेळा एका दिशेने लवतात. त्यांच्यावरून चिकट श्लेष्म्याचा पातळ थर सतत पुढे सरकतो आणि श्वासातून आलेली धूळ, परागकण व जंतू वाहून नेतो. गालाच्या कोटराचे दार मात्र तळाशी नसून वरच्या बाजूस, जवळजवळ छपराशी असते आणि जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. ज्या खोलीची मोरी माळ्याजवळ काढली आहे, त्या खोलीतील पाणी बाहेर काढण्यास कोणीतरी ते उपसलेच पाहिजे. तो उपसा हे सूक्ष्म केस करतात.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रवाह बारकाईने पाहिला. तळाशी नवे भोक पाडले तरी श्लेष्मा त्यातून बाहेर न पडता वरच्या मूळ दाराकडेच जातो, ही गोष्ट ठामपणे पुढे आली. पूर्वीच्या शस्त्रक्रियांत तळाशी भोक पाडीत आणि अस्तर खरवडून काढीत. त्या अनेकदा का फसत, याचा उलगडा त्यावरून झाला. आज दुर्बिणीच्या साहाय्याने मूळ दारच मोकळे करतात आणि अस्तर शक्य तितके राखतात.

दार सुजून बंद झाले, की श्लेष्मा कोंडतो, केस निकामी होतात, अस्तर आणखी सुजते आणि दार अधिकच घट्ट बंद होते. हे चक्र एकदा सुरू झाले, की आपोआप थांबत नाही.

वाट एकच, टोके दोन

नाकापासून फुप्फुसातील श्वासनलिकांपर्यंत जाणारी वाट अखंड आहे आणि तिच्या बहुतेक भागाचे अस्तरही एकाच जातीचे आहे. आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेतून हा संबंध सुटलेला नाही. चरकसंहितेत तमकश्वासाचे, म्हणजे आपण ज्याला दमा म्हणतो त्याच्याशी मिळत्याजुळत्या विकाराचे वर्णन करताना छातीतील घुरघुरीबरोबरच पीनसाचा, म्हणजे जुनाट पडशाचा, उल्लेख आला आहे.

आधुनिक संशोधनाने या निरीक्षणास प्रयोगाची जोड दिली. नेदरलंड्समधील संशोधकांनी ज्यांना केवळ नाकाची ॲलर्जी आहे, दमा नाही, अशा व्यक्तींची परीक्षा केली. ॲलर्जी उत्पन्न करणारा पदार्थ नाकात सोडला असता श्वासनलिकांतही शोथाच्या खुणा उमटल्या. आणि तो केवळ श्वासनलिकेत सोडला असता नाकातही तशाच खुणा उमटल्या. हे निष्कर्ष २००० आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. शोथाचा संदेश रक्तावाटे शरीरभर फिरतो, असा त्याचा अर्थ. युरोपातील बारा देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, सुमारे ११ टक्के लोकांत जुनाट नासाकोटरशोथाची लक्षणे आढळली. त्याच पाहणीत अशा लोकांमध्ये दम्याचे प्रमाणही ठळकपणे अधिक दिसले.

दम्यासह आणि दम्याविना

आता आपल्या दोन शेजाऱ्यांकडे वळू. शिक्षिकेच्या नाकात दुर्बिणीने पाहिले असता सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, लोंबते मोड दिसण्याचा संभव पुष्कळ आहे. ‘नाकात मांस वाढले आहे’ असे लोक म्हणतात, ते बहुधा हेच. हा मोड सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात विशिष्ट पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये इओसिन या तांबड्या रंगद्रव्याच्या साहाय्याने त्या ओळखल्या. म्हणून त्यांस इओसिनोफिल म्हणतात. दम्याच्या अनेक रोग्यांच्या श्वासनलिकांतही याच पेशी गोळा होतात. तात्पर्य, शिक्षिकेला दोन रोग झालेले नाहीत. एकच रोग वाटेच्या दोन्ही टोकांना दिसतो आहे. अशा रोग्यांत वास जाण्याचे प्रमाण अधिक असते आणि शस्त्रक्रियेने काढलेले मोड पुन्हा येण्याची भीतीही अधिक असते.

गृहस्थांची गोष्ट निराळी. दमा नसलेल्या रोग्यांत पुष्कळदा मोड नसतात आणि कारण स्थानिक असते: दार अरुंद असणे, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, किंवा वरच्या दाढेचे मूळ. गालाच्या कोटराचा तळ आणि वरच्या दाढांची मुळे यांच्यामध्ये हाडाचा अगदी पातळ पडदा असतो. दाढ किडली, की तिचा पू वर कोटरात जाऊ शकतो. त्रास एकाच बाजूला, आणि तोही दुर्गंधीयुक्त असेल, तर दाताच्या डॉक्टरांकडे जावे हे श्रेयस्कर. कीड मुळाशी असता नाकात कितीही औषध घातले तरी गुण येणार नाही.

ही विभागणी काटेकोर नव्हे. दमा नसतानाही मोड येतात आणि दमा असूनही कोटरशोथ साध्या प्रकारचा असू शकतो. शिवाय भारतात बुरशीच्या ॲलर्जीने होणारा कोटरशोथ विरळ नाही. त्यात कोटरे चिवट, चिकट श्लेष्म्याने भरून जातात.

एक गोष्ट मात्र प्रत्येक रोग्याने ध्यानात ठेवावी. दमा व नाकातील मोड ही जोडी असलेल्या काही व्यक्तींना ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक गोळी घेतल्यावर दम्याचा तीव्र, प्रसंगी प्राणावर बेतणारा झटका येतो. फ्रान्समधील विदाल व त्यांचे सहकारी यांनी १९२२ मध्ये हे प्रथम नोंदविले. अमेरिकेतील सॅम्टर व बीअर्स यांनी १९६८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. डोकेदुखीवर दुकानातून सहज आणलेली गोळी अशा माणसास विषासमान ठरू शकते.

गाजर गवताचा प्रश्न

जबलपूरच्या हवेचा विचार करताना एका तणाचा उल्लेख अपरिहार्य आहे. अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेले गाजर गवत भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. पावसाळ्यात ते रस्त्यांच्या कडेला आणि पडीक जमिनीवर पांढऱ्या फुलांनी भरून जाते. त्याच्या स्पर्शाने त्वचेचा दाह होतो; त्याच्या परागांनी काहींना शिंका, पडसे व दम्याची धाप लागते. योगायोग असा, की या तणांचा अभ्यास करणारी भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय संस्था १९८९ मध्ये जबलपूर येथेच स्थापन झाली. गाजर गवताची पाने फस्त करणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूरकडे प्रथम सोडण्यात आला होता; त्याच्या प्रसाराचे कामही या संस्थेने केले. केवळ ॲलर्जीमुळेच जुनाट कोटरशोथ होतो असे म्हणता येत नाही. परंतु सुजलेल्या अस्तराला ती अधिक डिवचते. म्हणून अंगणातील हे गवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून व नाकाला फडके बांधून उपटणे, हाही आरोग्यरक्षणाचाच भाग होय.

उपाय आणि सावधगिरी

उपचाराचा पाया साधा आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकातील फवारा नियमाने वापरणे. फवाऱ्याचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देणे व्यर्थ. प्रतिजैविके या जुनाट रोगात क्वचितच उपयोगी पडतात. औषधांनी भागले नाही तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करतात. मोडांच्या हट्टी रोगावर शोथाचा संदेशच अडविणारी टोचण्याची औषधे २०१९ पासून निघाली आहेत. पण ती फार महाग आहेत. नाकाची नीट काळजी घेतल्यास पुष्कळांचा दमाही आटोक्यात राहण्यास मदत होते. म्हणून छातीचा फवारा मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणे किंवा तापासह असह्य डोकेदुखी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही माणसाच्या नाकात काळी खपली दिसल्यास एक तासही दवडू नये. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत काळ्या बुरशीने देशभर ओढवलेला अनर्थ अद्याप विस्मृतीत गेलेला नाही.

आपल्या दोन शेजाऱ्यांना अखेर एकच गोष्ट हवी आहे: त्यांचे दुखणे कोणीतरी नीट विचारून घ्यावे. नाकाच्या रोग्याला ‘धाप लागते का’ असे विचारावे. दम्याच्या रोग्याला ‘वास येतो का’ असे विचारावे. डॉक्टरांनी विचारले नाही, तर रोग्याने आपण होऊन सांगावे. ज्या शिक्षिकेला वर्षानुवर्षे प्राजक्ताचा वास आलेला नाही, तिने ती गोष्ट क्षुल्लक समजून मनात ठेवू नये. कदाचित त्या एका वाक्यातच तिच्या धापेचे कारण दडलेले असेल.