घोड्यांचे श्वसनरोग : रोगोत्तर शुश्रूषा

घोड्याचे नाक, घसा, श्वासनाल वा फुफ्फुसे यांना झालेल्या संसर्गाचा ताप उतरल्यापासून जनावर पूर्ववत कामास योग्य होईपर्यंत घ्यावयाची काळजी. या काळात विश्रांती, शुद्ध हवा, धूळविरहित आहार व विलगीकरण यांना औषधाइतकेच महत्त्व असते. घोडा चंदी खाऊ लागला व तरतरीत दिसू लागला, तरी त्याच्या श्वसनमार्गाचे अस्तर भरून आलेले नसते. टांगा, लग्नाची वरात वा पर्यटकांची सवारी यांवर ज्यांचा चरितार्थ चालतो अशा मालकांना जनावर लवकर जुंपावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या घाईमुळेच अनेक घोडे कायमचे निकामी होतात.

कारणे : घोड्यांचा इन्फ्ल्यूएंझा व्हायरसामुळे होतो. संसर्गानंतर १ ते ३ दिवसांत जोराचा ताप, कोरडा खोकला व नाकातून पाण्यासारखा स्राव ही लक्षणे दिसतात. भारतात या रोगाची साथ १९८७ मध्ये आली होती. त्यानंतर सु. दोन दशकांनी, जून २००८ मध्ये, जम्मू भागातील कटरा येथे ती पुन्हा उद्‌भवली व २००९ पर्यंत ११ राज्यांत पसरली. स्ट्रँगल्स हा रोग स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय या सूक्ष्मजंतूमुळे होतो. त्यात जबड्याखालील व घशाजवळील लसीका ग्रंथी सुजून पिकतात आणि फुटून पू वाहतो.

नाकातून घट्ट, चिकट स्राव, नाकपुडीत व्रण वा कातडीखाली गाठी दिसल्यास शेंब्याची म्हणजेच ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसासही होतो व प्राणघातक ठरू शकतो. महाराष्ट्रात पुणे व पाचगणी येथे २००६ मध्ये तो आढळला होता. अशा घोड्याची घरगुती शुश्रूषा न करता तत्काळ पशुसंवर्धन खात्यास कळविणे बंधनकारक आहे. म्हणून निदान निश्चित झाल्याशिवाय पुढील कोणतेही उपाय योजू नयेत.

विश्रांती : श्वसनमार्गाच्या अस्तरावर पक्ष्माभिका (केसांसारखे सूक्ष्म तंतू) असतात. त्यांच्या हालचालीने धूळ, कफ व जंतू बाहेर ढकलले जातात. इन्फ्ल्यूएंझात हे अस्तर सोलवटून निघते व ते भरून येण्यास किमान तीन आठवडे लागतात. ताप जितके दिवस होता तितके आठवडे विश्रांती द्यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. उदा., चार दिवस ताप असल्यास चार आठवडे. मात्र ताप एकच दिवस असला, तरी विश्रांती तीन आठवड्यांहून कमी नसावी. त्याआधी काम घेतल्यास फुफ्फुसदाह, दीर्घकालीन खोकला व दम, तसेच हृदयस्नायूचा दाह संभवतो.

तबेला : तबेला हवेशीर असावा, परंतु वाऱ्याचा झोत थेट अंगावर येऊ नये. थंडीच्या भयाने दारेखिडक्या बंद करण्यापेक्षा अंगावर झूल घालणे श्रेयस्कर. मुतारीचा उग्र वास हा अमोनिया वायूचा असून तो अस्तरास अपायकारक आहे. म्हणून ओले अंथरूण रोज बदलावे. झाडलोट व खरारा शक्यतो घोडा बाहेर बांधून करावा. डास व माश्या हाकलण्यासाठी तबेल्यात धूर करू नये.

आहार व पाणी : गवत वा कडब्याची कुट्टी पाण्यात भिजवून द्यावी, म्हणजे धूळ व बुरशीचे कण नाकात जात नाहीत. चारा जमिनीलगत ठेवावा; मान खाली असताना श्वासनालेतील कफ सहज निचरतो. याच कारणास्तव तोबरा वापरू नये, मान उंच ताणून बांधू नये व ट्रकने लांबचा प्रवास टाळावा. घसा दुखत असल्यास हिरवे गवत, लसूणघास व भिजविलेला कोंडा द्यावा. काम बंद असताना पूर्ण चंदी चालू ठेवल्यास पोटशूळ, खुरांचा दाह वा स्नायू आखडणे हे विकार उद्‌भवतात. म्हणून चंदी कमी करावी. ताजे पाणी सतत उपलब्ध असावे. बाटलीने वा नळीने काढा बळेच पाजल्यास तो फुफ्फुसात जाऊन जनावर दगावू शकते.

निरीक्षण : सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात तापमापक ठेवून तापमान नोंदवावे. प्रौढ घोड्याचे प्राकृत तापमान ३७·५° ते ३८·५° से., नाडी मिनिटास २८ ते ४४ व श्वसन ८ ते १६ असते. ज्वरनाशक औषध चालू असताना ताप दबलेला राहतो, हे लक्षात ठेवावे. ताप पुन्हा चढणे, विश्रांतीतही श्वसन जलद राहणे, स्रावास दुर्गंधी येणे किंवा पाय व डोके सुजणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यास बोलवावे. प्रतिजैव औषधांचा व्हायरसावर परिणाम होत नाही. ती जंतुसंसर्ग असल्यास पशुवैद्याने ठरविलेल्या मात्रेत व मुदतीपर्यंतच द्यावीत.

विलगीकरण : बरा झालेला घोडाही काही काळ रोग पसरवितो. स्ट्रँगल्समध्ये कान व घसा यांमधील वातकोषांत पू साचून राहिल्यास बाह्यतः निरोगी घोडा महिनोन्‌महिने जंतूंचा वाहक राहतो. त्यामुळे पाण्याची बादली, लगाम, खरारा व मोतद्दार वेगळे असावेत. एकच मोतद्दार असल्यास त्याने आजारी जनावराचे काम शेवटी करावे. दत्तजयंतीस भरणारी सारंगखेडे (जि. नंदुरबार) येथील यात्रा व मार्गशीर्षातील माळेगाव (जि. नांदेड) येथील खंडोबाची यात्रा यांत दूरदूरचे घोडे एकत्र येतात. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावी यात्रेतून नवे जनावर आणल्यास तेही किमान तीन आठवडे वेगळे बांधणे हितावह असते. मोटारींवर निर्बंध असलेल्या माथेरानसारख्या ठिकाणी घोडे दाटीने राहत असल्याने एका मालकाची हयगय सर्वांस भोवते. इन्फ्ल्यूएंझावर प्रतिबंधक लस उपलब्ध असून हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानेही अशी लस तयार केली आहे.

पुन्हा कामास लावणे : विश्रांतीचा काळ संपल्यावर व खोकला पूर्ण थांबल्यावर प्रथम घोड्यास हाती धरून रोज १०–१५ मिनिटे चालवावे. काही दिवसांनी हळू दुडकी व नंतर हलके ओझे, अशी वाढ अनेक आठवड्यांत करावी. व्यायामात खोकला आल्यास किंवा श्वसन अर्ध्या तासात पूर्ववत न झाल्यास पुन्हा विश्रांती द्यावी. महिनाभराची कमाई बुडणे मालकास जड जाते. परंतु फुफ्फुसे निकामी झालेल्या घोड्याकडून पुढे कमाईच होत नाही.