रुपयाची हुंडणावळ आणि काही रूढ समज

१५ ऑगस्ट १९४७ रोजी एक रुपया आणि एक डॉलर यांची किंमत सारखी होती, आणि पुढच्या राज्यकर्त्यांच्या नाकर्तेपणामुळे आपले चलन आजच्या अवस्थेस येऊन पोहोचले, हे विधान आपल्याकडील सुशिक्षित माणसेही इतक्या निःशंकपणे करतात की, ते प्रथम कोणी केले आणि कशाच्या आधारावर केले याची चौकशी करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. या विधानास काडीचाही आधार नाही. १९२७ च्या चलनविषयक कायद्याने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे अठरा पेन्स, असा मुक्रर केला होता आणि स्वातंत्र्याच्या दिवशी तोच दर अंमलात होता; म्हणजे एका पौंडास तेरा रुपये पाच आणे चार पै पडत. त्या वेळी एका पौंडाचे ४.०३ डॉलर होत असल्यामुळे साधे त्रैराशिक मांडले तरी एका डॉलरची किंमत सुमारे तीन रुपये पाच आणे निघते. ज्या दिवशी एक रुपया म्हणजे एक डॉलर होता असा दिवस स्वतंत्र भारताच्या दफ्तरात कोठेही सापडावयाचा नाही.

याच समजुतीला जोडून असेही सांगण्यात येते की, त्या वेळी देशावर परकी कर्ज नव्हते म्हणून दर समान होता. महायुद्धाच्या काळात ब्रिटनने हिंदुस्थानातून जो माल व ज्या सेवा उचलल्या त्यांपोटी आपले शंभर कोटी पौंडांहून अधिक येणे लंडनमध्ये साठलेले होते, हे खरे आहे. परंतु सरकारच्या खातेवहीतील कर्जाची बाजू कोरी असली म्हणजे दोन चलने आपोआप समान किमतीची होतात, असा अर्थशास्त्राचा कोणताही नियम नाही. एका डॉलरला किती रुपये पडतात हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन असा जपानचा दर होता, आणि याच बावीस वर्षांत त्या देशाने बेचिराख झालेल्या शहरांतून जगातील अग्रगण्य औद्योगिक राष्ट्रांच्या पंक्तीत स्थान मिळविले. उलट कुवेतचा एक दिनार कित्येक डॉलरांच्या बरोबरीचा आहे, म्हणून कुवेत अमेरिकेहून सामर्थ्यवान आहे असे कोणी म्हणणार नाही. अर्थ असतो तो आकड्याच्या बदलात, आणि तोही दोन्ही देशांतील महागाईच्या वेगाची तुलना केल्यावर. आपल्याकडील भाव अमेरिकेतील भावांपेक्षा दशकानुदशके अधिक वेगाने चढत असतील तर रुपयाचा दर कालांतराने उतरणार, आणि तो हट्टाने उतरू दिला नाही तर आपला माल परदेशी ग्राहकास विनाकारण महाग पडणार.

परंतु या सर्वांच्या मुळाशी असलेला समज अधिक खोल आहे. चलनाचा उच्च दर म्हणजे राष्ट्राचा बहुमान आणि त्याची घसरण म्हणजे राष्ट्राची बेइज्जती, असे आपण गृहीत धरून चालतो. ज्या मुंबई शहरात या प्रश्नावर अर्धशतकाहून अधिक काळ वाद झडला, तेथील इतिहास पाहिला तर हे गृहीत किती उथळ आहे ते कळून येते. १८७० च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. पुढे जगात चांदी स्वस्त होत गेली आणि रुपया चांदीचा असल्यामुळे १८९२ पर्यंत तो सुमारे पंधरा पेन्सांवर आला. या काळात मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारपेठेत झपाट्याने खपू लागले होते, कारण स्वस्त रुपयामुळे ते चिनी ग्राहकास परवडत होते. हिंदुस्थान सरकारची स्थिती मात्र नेमकी उलट होती. लंडनमध्ये पाठवावयाचा वार्षिक खर्च, म्हणजे कर्जावरील व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च इत्यादी, पौंडांत द्यावा लागे. महसूल जमा होई तो रुपयांत. आणि रुपया एक पेनी उतरला की तेवढ्याच पौंडांसाठी रयतेकडून अधिक रुपये वसूल करावे लागत. यास्तव १८९३ साली सरकारने चांदीची नाणी पाडून देण्याकरिता जनतेला खुल्या असलेल्या टांकसाळी बंद केल्या आणि रुपयाची टंचाई निर्माण करून त्याचा दर वर चढविला. तो दर चढला याने देशाची अब्रू वाढली, असे त्या काळच्या एकाही गिरणीवाल्यास वाटले नसते.

पहिल्या महायुद्धानंतर हाच वाद सोळा पेन्स की अठरा पेन्स या स्वरूपात पुन्हा पेटला. चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १९२६ साली अठरा पेन्सांची शिफारस केली. आयोगाचे एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचा आग्रह धरला, आणि राष्ट्रीय वृत्तीचे बहुतेक व्यापारी व पुढारी त्यांच्या बाजूस होते. म्हणजे परक्या सरकारास रुपया चढा हवा होता आणि स्वदेशाभिमान्यांना तो उतरलेला हवा होता! आजचा जो वाचक रुपया उतरल्याची बातमी वाचून स्वाभिमानाने खिन्न होतो, त्याने या एका गोष्टीचा शांतपणे विचार करावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

तथापि उतरता दर म्हणजे सर्वांचा लाभ, हा दुसरा समजही तितकाच चुकीचा आहे, आणि त्याचे जे निरसन डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधात केले, त्याहून मर्मग्राही विवेचन मला अन्यत्र आढळलेले नाही. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा की, घसरत्या चलनापासून राष्ट्रास जो लाभ झाला असे म्हटले जाते, तो बाहेरून आलेला नसून राष्ट्रातील एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या पदरचा घेतलेला असतो. रुपया उतरला की मालाचे रुपयांतील भाव वाढतात, पण मजुराची मजुरी त्या प्रमाणात आणि त्याच वेळी वाढत नाही. मालकाच्या नफ्याचा एक भाग म्हणजे श्रमिकाच्या खऱ्या वेतनातील कपात होय. नाणेपद्धतीविषयी केन्ससारख्या विख्यात अर्थशास्त्रज्ञाचे मतही न स्वीकारणाऱ्या या तरुण अभ्यासकाने दराच्या वादात मजुराची बाजू कोठे आहे हा प्रश्न उपस्थित केला, आणि आजही रुपयाविषयीच्या चर्चेत हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो.

चढ्या दराची किंमतदेखील अखेर कामगारच देतो, हे त्याच सुमारास ब्रिटनमध्ये दिसून आले. १९२५ साली अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पौंड युद्धपूर्व दराने, म्हणजे ४.८६ डॉलरांस, पुन्हा सुवर्णाशी जोडला. पौंडाची प्रतिष्ठा राहिली, परंतु ब्रिटिश कोळसा परदेशी ग्राहकास महाग झाला, खाणमालकांनी मजुरी कमी करण्याचा घाट घातला, आणि मे १९२६ मध्ये देशव्यापी संप झाला. माल महागून खपेनासा झाला की कामगाराचे कामही जाते; बेकारी ही कामगारांच्या आळसाची किंवा अकुशलतेची परिणती आहे असे मानणाऱ्यांना या घटनेचे स्पष्टीकरण देता येणार नाही. १९२४ साली जो खाणकामगार उद्योगी होता तो दोन वर्षांत आळशी कसा झाला?

प्रतिष्ठेच्या हट्टाचे आणखी एक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन होऊन तो २.८० डॉलरांवर आला, तेव्हा भारताने रुपयाही त्याच्याबरोबर उतरविला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांच्या किमतीस पोहोचला. पाकिस्तानने मात्र आपला रुपया जागचा हलविला नाही. त्यामुळे शंभर पाकिस्तानी रुपयांसाठी एकशे चव्वेचाळीस भारतीय रुपये मोजण्याची पाळी आली. हुगळीकाठच्या तागाच्या गिरण्या भारतात आणि त्यांना लागणारा उत्तम ताग पूर्व बंगालात. दोन्ही देशांतील व्यापार ठप्प झाला, गिरण्यांना कच्चा माल मिळेना आणि पूर्व बंगालच्या शेतकऱ्याचे पिढीजात गिऱ्हाईक दुरावले. १९५१ साली भारताने तो दर मान्य केला आणि १९५५ साली पाकिस्तानने शेवटी अवमूल्यन केलेच.

६ जून १९६६ च्या आपल्या अवमूल्यनाविषयी दोन गैरसमज आहेत. डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, म्हणजे डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला. पण रुपयाची किंमत साडेछत्तीस टक्क्यांनीच उतरली, आणि वक्ते सोयीप्रमाणे यांपैकी एक आकडा उचलून दुसऱ्याच्या जागी वापरतात. दुसरा समज असा की, निर्यात लगेच वाढली नाही, अर्थात अवमूल्यन हा उपायच निरुपयोगी. वस्तुतः लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडल्यामुळे निर्यात करावयास शेतमालच पुरेसा नव्हता. शिवाय त्याच वेळी निर्यातीस मिळणारी पूर्वीची साहाय्ये काढून घेण्यात आली आणि ताग व चहा यांवर निर्यातकर बसविण्यात आला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यावर औषधाच्या गुणाची परीक्षा कशी व्हावी? १९९१ साली, जेव्हा गंगाजळीत जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते परकी चलन उरले होते आणि रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून परदेशी पाठवावे लागले, तेव्हा जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत दोन टप्प्यांनी केलेल्या अवमूल्यनास व्यापार व उद्योग यांवरील निर्बंध सैल करण्याची जोड मिळाली, आणि पुढील वर्षांत त्याचे फळ दिसले.

हे फळ ज्या आकड्याने मोजले जाते तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीचा दर; त्याविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की, तो आदल्या वर्षाच्या तुलनेने काढलेला असतो. कोरोनाच्या साथीत २०२०-२१ साली देशाचे उत्पन्न सुमारे ५.८ टक्क्यांनी घटले आणि पुढल्या वर्षी सुमारे ९.७ टक्क्यांनी वाढले. शंभराचे चौऱ्याण्णव झाले आणि मग एकशे तीन. दुसऱ्या वर्षाचा आकडा दैदीप्यमान दिसला तरी दोन वर्षांची मिळून वाढ तीन टक्क्यांच्या आसपासच होती. बेकारीचा आकडा याहूनही फसवा असतो. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के आढळले. हे प्रमाण अनेक श्रीमंत देशांपेक्षा कमी आहे, पण त्यावरून आपल्याकडे कामाची सुबत्ता आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे मोजणीची रीत विसरणे होय. बेकार म्हणून गणना होते ती काम नसलेल्या आणि काम शोधणाऱ्या अथवा त्यास तयार असलेल्या माणसाची. स्वतःच्या घरच्या शेतात वा दुकानात वेतनावाचून राबणारी स्त्री या हिशेबात कामावर असते. ज्यास बसून खाणे परवडत नाही तो गरीब मिळेल ते काम पत्करतो आणि आकड्यातून नाहीसा होतो; परवडते तो पदवीधर प्रतीक्षा करतो आणि आकड्यात दिसतो.

राहिला व्यापार. निर्यात म्हणजे नफा आणि आयात म्हणजे तोटा, ही समजूत खासगी दुकानाच्या जमाखर्चावरून राष्ट्राच्या व्यवहाराचा अंदाज बांधण्यातून उत्पन्न होते. एका देशाची निर्यात ही दुसऱ्याची आयात असल्यामुळे सर्वच देश शिल्लकीत राहतील हे मुळातच असंभवनीय आहे. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने १८१७ सालीच दाखवून दिले होते की, कापड आणि मद्य ही दोन्ही इंग्लंडपेक्षा कमी श्रमांत तयार करणाऱ्या पोर्तुगालनेदेखील केवळ मद्य करून कापड इंग्लंडकडून घ्यावे, यातच दोघांचे हित आहे. आपल्या मालव्यापारात मोठी तूट असते, कारण कच्च्या तेलाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बाहेरून येतो. ती तूट बऱ्याच अंशी संगणक-सेवांच्या निर्यातीने आणि परदेशी गेलेल्या आपल्या बांधवांनी घरी पाठविलेल्या पैशाने भरून निघते, आणि बांधवांनी पाठविलेली ही रक्कम अलीकडे दरसाल दहा हजार कोटी डॉलरांच्या वर आहे. आयात आणि निर्यात यांची ताटातूटही वाटते तितकी सोपी नसते: सुरतेस पैलू पाडून मुंबईच्या बाजारातून परदेशी जाणारा हिरा आधी कच्च्या स्वरूपात बाहेरूनच आलेला असतो, आणि रुपया उतरला की त्याची खरेदीही महागते.

निर्यात रोखली म्हणजे देशातील माल देशातच राहून सर्वांचे भले होते, या समजुतीची झळ नाशिक जिल्ह्यास वारंवार लागली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसले आणि डिसेंबरात निर्यातीवर सरसकट बंदी आली. शहरातील गृहिणीस कांदा स्वस्त मिळाला, परंतु तो स्वस्तपणा लासलगावच्या बाजारसमितीत गाडी रिकामी करणाऱ्या शेतकऱ्याच्या उत्पन्नातून आला होता. शंभर वर्षांपूर्वी दराच्या वादात डॉ. आंबेडकरांनी मजुराच्या बाजूने जी विचारणा केली, तीच येथे शेतकऱ्याच्या बाजूने करावी लागते, आणि तिचे उत्तर देणे मंत्रालयातील आदेशांच्या भाषेत नेहमीच टाळले गेले आहे. बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क मात्र राहिले. ते सप्टेंबरात वीस टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे रद्द झाले. या काळात परदेशातील घाऊक व्यापाऱ्यांनी दुसऱ्या देशांशी जे सौदे केले, ते एका अधिसूचनेसरशी परत आपल्याकडे येत नाहीत.