एक इंटरनेट जोडणी, अनेक संगणक : वाटप कसे करावे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांतही आता तीन-चार संगणक असतात. बहुधा ते सर्व एकाच इंटरनेट जोडणीवर चालतात. पीक विम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस असावा, दारात रांग असावी आणि शेजारच्या संगणकावर मोठी फाइल उतरत असावी, की अर्ज अर्ध्यावर अडकतो. अशा वेळी महागडी जोडणी घेण्याचा विचार होतो. त्याआधी आहे त्या क्षमतेचे वाटप नीट करून पाहावे.

वाटप का बिघडते?

जोडणीतून एका सेकंदात जास्तीत जास्त जेवढी माहिती वाहू शकते, तिला बँडविड्थ म्हणतात. ती मेगाबिटमध्ये मोजतात. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून २० मेगाबिटच्या जोडणीवर ३०० मेगाबाइटची फाइल उतरण्यास किमान २ मिनिटे लागतात.

चार संगणकांना आपोआप सारखा वाटा मिळतो, असे नाही. फाइल उतरविणारे काही प्रोग्राम एकाच वेळी अनेक मार्ग उघडतात व मोठा वाटा घेतात. चारीच्या वरच्या शेतकऱ्याने दोन-तीन दारे उघडली की टेलला पाणी पोचत नाही, तसेच हे आहे. शिवाय मोठी फाइल पाठविताना मोडेममध्ये माहितीची रांग साचते आणि तुमचा छोटा अर्ज त्या रांगेच्या मागे थांबतो.

नियोजन पुढीलप्रमाणे करावे

१) वेग मोजावा : इतर सर्व संगणक व मोबाइल बंद ठेवून, एक संगणक तारेने राउटरला जोडून सकाळी, दुपारी व सायंकाळी वेग मोजावा. उतरविण्याचा व पाठविण्याचा वेग वेगवेगळा लिहावा. नियोजनासाठी सर्वांत कमी आकडा धरावा.

२) एकूण मर्यादा घालावी : राउटरमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘बँडविड्थ कंट्रोल’ ही सोय असल्यास मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के मर्यादा ठेवावी. उदा. २० मेगाबिटला १८. त्यामुळे रांग मोडेममध्ये न साचता राउटरच्या ताब्यात राहते.

३) हक्काचा वाटा ठरवावा : अर्ज भरण्याच्या संगणकास किमान ६ व उरलेल्या तिघांस प्रत्येकी ४ मेगाबिट द्यावेत. एखादा संगणक रिकामा असेल तर त्याचा वाटा इतरांना वापरता येईल, अशी सेटिंग ठेवावी. राउटरमध्ये अशी सोय नसेल व केवळ कमाल मर्यादा घालता येत असेल, तर ती फक्त जड काम करणाऱ्या संगणकास घालावी. सर्वांना घातल्यास क्षमता पडून राहते.

४) पाळी लावावी : संगणकाचे अपडेट, हिशेबाच्या प्रती पाठविणे, व्हिडिओ उतरविणे ही कामे कार्यालयीन वेळेनंतर करावीत.

५) गळती थांबवावी : वायफायचा पासवर्ड गावभर पसरू देऊ नये. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवून त्यावर कमी मर्यादा घालावी.

घ्यावयाची काळजी

एकच संकेतस्थळ संथ व बाकीची सुरळीत असतील, तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाकडे असतो. राउटरमधील बदलाने तो जात नाही. सर्व संगणक बंद असतानाही वेग कमी भरत असेल, तर मोजलेले आकडे तारीख-वेळेसह लिहून सेवा देणाऱ्याकडे तक्रार करावी. सेटिंग बदलण्यापूर्वी जुने आकडे वहीत टिपून ठेवावेत. एका वेळी एकच बदल करावा आणि सर्व संगणक चालू ठेवून परिणाम तपासावा. हे काम अंतिम तारखेच्या किमान आठवडाभर आधी उरकावे.